दीड मिनिटात माझा लेख

मी लिहायला शिकले पत्रकांवर. कॉलेजात आमच्या संघटनेची पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं शुद्धलेखन बरं होतं आणि मला राग लवकर यायचा. वर जाड ठशात 'जाहीर निषेध', मग दोन परिच्छेद तळतळाट, मग मागण्या एक ते सात, खाली 'आपले नम्र' आणि पंधरा जणांची नावं. त्यांतल्या निम्म्यांनी ते पत्रक वाचलेलंही नसायचं. पत्रक घेणारा माणूस रस्त्यात उभा असतो. पुढच्या चौकापर्यंत तो ते हातात धरतो, मग घडी करून खिशात, नाहीतर गटारात. तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांत काहीतरी घुसलं पाहिजे, एवढंच आमचं शास्त्र. हाच माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊन 'पुढचं पत्रक कधी?' असं विचारेल, ही शंका आमच्यापैकी कुणाला कधी शिवली नाही. कोण विचारतो?

पत्रकाचं एक मात्र बरं होतं. कागद संपायचा. ब्लॉगला कागद संपत नाही. कॉलेज संपल्यावर मी सोलापुरातच खोली घेऊन राहिले आणि ब्लॉग सुरू केला, तेव्हा जणू चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. उद्गारचिन्हं तीनची पाच झाली.

विषय खरा होता. पूर्व भागात, आमच्या खोलीपासून दोन गल्ल्या पुढे, एका विडी कारखान्याची शाखा होती. शाखा म्हणजे एक खोली आणि तिला एक जाळीची खिडकी. बायका तिथून पानं आणि तंबाखू घरी न्यायच्या, दिवसभर विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तयार माल खिडकीवर द्यायच्या. आत चेकर विड्यांचा प्रत्येक कट्टा, म्हणजे दोऱ्याने बांधलेली जुडी, उलटसुलट बघून वाईट विड्या बाजूला टाकायचा, कारकून रजिस्टरात हजेरी लावायचा. खिडकी उघडायची त्यांच्या मर्जीने. तोवर बायका उन्हात. डोक्यावर पदर, काखेत टोपली, आणि जमिनीला हात लावला तर चटका बसेल असं ऊन. मी तो प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि घरी येऊन चौदाशे शब्द लिहिले. सुरुवात 'शतकानुशतके श्रमिक स्त्रीच्या घामावर' अशी होती. घाम मला सहाव्या परिच्छेदापर्यंत पुरला.

वडिलांना लिंक पाठवली. ते मोडनिंबला असतात, शेती बघतात, आणि माझं लिहिलेलं सगळं वाचतो म्हणतात. संध्याकाळी फोन आला.

"वाचलं की."

"कसं वाटलं?"

"लई लिवलंयस. पर ती खिडकी कशाची हाय, कुटं हाय, त्ये काय शेवटपतोर कळलं न्हाय बग."

मी म्हटलं, बाबा, तो प्रतीकात्मक लेख आहे. ते म्हणाले, व्हय का, मग बरोबर हाय. आणि कांद्याचं बोलायला लागले.

त्या दिवसांत मी ब्लॉग कसा लिहावा याबद्दलही खूप वाचलं. तिकडे सगळे सांगत होते, मथळ्यात आकडा घाला, वाचकाला प्रश्न विचारा, मोठे परिच्छेद तोडा. मी तोडले. एका परिच्छेदाचे तीन केले, म्हणजे तोच तळतळाट तीन हप्त्यांत. एकदा 'विडी कामगारांना उन्हात उभं करण्याची पाच कारणं' असा मथळाही दिला आणि मग माझी मलाच लाज वाटून तो बदलला. उन्हात उभं करायला पाच कारणं कशाला लागतात? वाचक मोजण्याच्या पानावर आकडा एका हाताच्या बोटांपुढे जाईना. पण एक गोष्ट त्या पानावर मला खटकत होती. कुणीतरी एक जण परत परत येत होतं. दर बुधवारी मी लेख टाकायचे आणि दुपारी दोनच्या सुमाराला तो एक वाचक हजर. कधीकधी एकाच लेखावर दोनदा. मी धरून चालले की संघटनेतला कुणीतरी असणार, माझ्या चुका काढायला येत असणार.

मग एका सकाळी शाखेसमोर उभी असताना रांगेतल्या एका बाईने मला हाक मारली. "काय गं, ती पत्र्याची शेड घालणार म्हणालीस, ती कधी घालणार?"

शेडचं मी लिहिलं होतं, पण अकराव्या परिच्छेदात. मालकाच्या माणसाने 'बघू, पत्रे टाकू' असं तोंडी म्हटलं होतं, ते एका ओळीत. माझ्या अकराव्या परिच्छेदापर्यंत माझे मित्रही पोचत नव्हते.

"तुम्ही वाचलंत?"

"मला कुठं वाचता येतंय. ऐकलं की."

"कुणाकडून?"

तिने मागच्या बाईकडे बघितलं, त्या बाईने तिच्या मागच्या. हसणं रांगेतून मागे मागे गेलं. शेवटी एकीने फोन वर करून दाखवला आणि म्हणाली, "अक्का पाठवती. बुधवारी."

अक्का कोण, हे शोधायला मला फार चालावं लागलं नाही. पुढच्याच गल्लीत, दोन पायऱ्यांचं घर. दुपारी दारात पाच बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. बोटं इतक्या वेगात चालत होती की बघता बघता माझंच लक्ष सुटायचं. मध्ये स्टीलच्या पेल्यात फोन उभा ठेवलेला, आवाज मोठा यावा म्हणून. पन्नाशीच्या आसपासची, जाड चष्म्याची बाई मला बघून म्हणाली, "ये की. तू ती लिहिणारी ना? बस. तंबाखू सोसत नसेल तर तिकडं बस."

त्या अक्का. त्यांनी बुधवारी पाठवलेलं परत लावलं आणि त्यांचाच आवाज पेल्यातून यायला लागला, तेलुगूत. मला तेलुगूचा एक शब्द कळत नाही. पहिल्याच वाक्याला पाचही जणी खळखळून हसल्या. मग गप्प होऊन ऐकत राहिल्या. मध्ये एकीने काहीतरी विचारलं, दुसरीने तिला हाताने थांबवलं. संपलं तेव्हा त्यांनी एकेक कट्टाही बांधून पुरा केला नव्हता.

"हा माझा लेख?"

"तुझाच की."

"मग हसल्या का?"

"हसणारच," अक्का म्हणाल्या आणि पुढे काही सांगेनात.

मी उठले ती तणतणत. या बायकांसाठी मी कारखान्याच्या माणसांशी भांडते, आणि त्या माझ्या लेखावर दात काढतात. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी वळवळत होतं. माझे नेहमीचे चौदाशे शब्द. तेवढ्या वेळात मावले कसे? मी अक्कांना तो आवाज मला पाठवायला सांगितला. त्यांनी लगेच पाठवला, लपवण्यासारखं त्यात काही नसल्यासारखा. फोनवर लांबी दिसली, दीड मिनिट.

माझी रूम पार्टनर नर्सिंगला होती, मूळची तेलंगणातली. चहा करता करता तिने ते ऐकलं आणि तीही पहिल्या वाक्याला हसली. मी म्हटलं, आधी सांग, मग हस. तिने एकेक वाक्य थांबवून सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. ती वही माझ्याकडे अजून आहे.

"पोरगी आजपण चिडलीय. चिडलेलं सोडून देऊ, कामाचं ऐका. मागच्या बुधवारी खिडकी किती वाजता उघडायची असते ते सांगायचं राहिलं होतं. मी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला साडेनऊ. काल साडेदहाला उघडली, मी स्वतः उभी होते. आता नवीन. शेड घालतो म्हणून मालकाचा माणूस म्हणाला. कधी ते म्हणाला नाही. पोरीलाही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला सांगा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी पलीकडच्या ओट्यावर बसा, नंबर जात नाही, मी बसून बघितलं. झालं एवढंच."

माझ्या लेखातलं यात काय होतं? शेड. बाकी घाम, शतकं, व्यवस्था, सगळं गायब. आणि जे होतं ते माझ्या लेखात नव्हतं. मी मागच्या लेखात 'खिडकीची अधिकृत वेळ जाहीर करावी!' अशी मागणी केली होती आणि पुढच्या बुधवारी ती विसरून नव्या रागाकडे वळले होते. मागच्या रागाचं काय झालं, हे सांगावं असं मला कधी सुचलंच नाही. पत्रकाला मागचं पत्रक नसतं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन विचारलं. अक्का पानं कातरत होत्या. शेजारच्या खोलीत त्यांची सासू पडून होती, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. दुपारी दोनला तिचा डोळा लागायचा आणि तेवढ्यात अक्का माझा लेख वाचायच्या. सातवीपर्यंत मराठी शाळेत गेल्या होत्या. सावकाश वाचायच्या, म्हणून दोनदा.

"अक्का, तुम्ही माझं सगळं कापता का?"

"कापते कुठं. लांब पाठवलं तर बायका ऐकत नाहीत. एकदा चार मिनिटांचं पाठवलं होतं, माझ्या नणंदेनं पण ऐकलं नाही."

"पण राग का काढून टाकता? राग महत्त्वाचा आहे."

"राग सगळ्यांच्या घरात आहे की. तो परत फोनमधनं कशाला?"

मी म्हटलं, "आणि ती वेळ विचारायला तुम्ही का गेलात? ते त्यांनी जाहीर करायला हवं होतं."

"तू विचारलंस?"

"मी मागणी केली."

"विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. खिडकी माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या, आणि मी 'याचे उत्तर द्यावे' असं सगळ्या जगाला लिहीत होते. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, टोमणाबिमणा नव्हता त्यात, आणि पुन्हा कात्री चालू. "बायका मला विचारतात, मागच्याचं काय झालं. सांगितलं नाही तर पुढच्या वेळी ऐकत नाहीत. मग मला जावंच लागतं."

तेव्हापासून मी दर बुधवारी आधीच्या लेखाचा निकाल वर लिहायला लागले. त्यासाठी मंगळवारी जाऊन विचारावं लागायचं. विचारून आलं की लिहिण्यासारखं कमी उरतं, ही मला वाटलेली सगळ्यात मोठी गंमत. जे कळलंय ते दोन ओळींत मावतं. जे कळलेलं नसतं तेच फुगवावं लागतं. कारकुनाने 'शेडचा पत्रा आला, खांब यायचेत' असं सांगितलं, तर त्यावर शतकं कुठून आणू? लेख चारशेवर आला, मग तीनशेवर. मोजण्याच्या पानावर एकाचे चार झाले, चाराचे आणखी काही. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली आता आपल्या आयांच्या फोनवरून थेट वाचत होत्या. अक्कांचा दीड मिनिट तरीही सुटला नाही.

मग खांबांऐवजी खिडकीला कागद चिकटला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ही शाखा बंद, सर्व कामगारांनी माल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाखेत द्यावा.

मी पळतच अक्कांकडे गेले. त्यांना कळलं होतं. पहिल्यांदाच त्यांची बोटं थांबलेली पाहिली मी.

"मला तासाभराच्या वर घर सोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "सासूची कूस बदलावी लागते. तिकडं जायचं, रांग, यायचं, अर्धा दिवस. महिन्यात चार-सहा दिवस हजेरी नाही लागली की नाव काढतात. नाव गेलं की कामगाराचं कार्ड गेलं, फंडात धरलेली वर्षं गेली. मी अठराव्या वर्षापासून वळतेय."

बास, एवढंच. रडणं नाही, काही नाही. आणि मी, सगळं शिकून बसलेली मी, घरी जाऊन माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला लेख लिहिला. छोटा, नेमका, एका माणसापासून सुरू होणारा. पहिली ओळ होती: 'दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलणारे हात'. नाव नव्हतं, पण त्या गल्लीत कुणालाही कळलं असतं. लेख टाकला. तासाभरात आजवरच्यापेक्षा जास्त लोकांनी उघडला. मी खूश.

अक्कांचा आवाज त्या दिवशी आलाच नाही. त्यांचा फोन आला.

"माझी सासू तुझ्यात कशी आली?"

"अक्का, त्यामुळे लोकांना कळेल की..."

"तिला विचारलंस? ती झोपलेली असते, बहिरी नाही. शेजारणीच्या पोरीनं तिला वाचून दाखवलं. तेव्हापासून म्हणतीय, माझ्यामुळं तुझं काम जातंय, मला गावी नेऊन टाका."

मी लेख काढला. काढताना कुणावर चिडायचं ते कळत नव्हतं आणि ही माझ्यासाठी अगदी नवी अवस्था होती. मग त्यांच्या घरी गेले आणि म्हातारीच्या उशाशी बसून माफी मागितली, मराठीत. तिने तेलुगूत उत्तर दिलं. अक्का म्हणाल्या, "विचारतीय, जेवलीस का."

आता लिहायचं काय? शाखा बंद होऊ नये हे सगळ्यांनाच हवं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी खिडकीवर गेले. कारकून वैरागकडचा, सतत हातरुमालाने मान पुसणारा माणूस.

"हे बगा ताई, वरनं कागद आला, मी चिकटवला. मला इचारून बंद करत्यात व्हय?"

"बायकांचं कार्ड तेच राहणार का नवं मिळणार?"

"तेच आसंल की."

"आधीची वर्षं धरणार?"

"धरत्याल."

"हे कुणी लिहून दिलंय?"

त्याने मान पुसली. "न्हाय. तसं काय लिवलेलं न्हाय."

घरी येऊन मी लिहिलं. शाखा कधी बंद होणार. कार्ड तेच राहील असं कारकून म्हणतो. आधीची वर्षं धरली जातील असं तो म्हणतो. दोन्ही गोष्टी कागदावर नाहीत. त्या कागदावर कोण देईल, हे मला माहीत नाही. दीडशे शब्दही झाले नाहीत. उद्गारचिन्ह एकही नव्हतं, आणि अंगावर कपडे कमी असल्यासारखं वाटत होतं. बटण दाबण्याआधी अक्कांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हं. पाठव."

त्यांनी स्वतःच्या आवाजात शेवटी दोन वाक्यं घातली. रूम पार्टनरने मला सांगितली: "उद्या माल देताना प्रत्येकीनं हेच विचारा, कार्ड तेच राहणार हे लिहून देता का. भांडू नका, विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा."

मी दुसऱ्या दिवशी रांगेच्या कडेला उभी होते, घोषणा तोंडात तयार. तिची गरजच पडली नाही. पहिल्या बाईने टोपली खिडकीवर ठेवली आणि विचारलं. कारकून म्हणाला, तेच राहील. "लिहून देता?" नाही. "बरं, थांबते." आणि ती थांबली. पाच मिनिटांनी तोच म्हणाला, बाई, मागं गर्दी झाली. मग दुसरी.

"अहो, आत्ता तर त्यांना सांगितलं!"

"त्यांना सांगितलं. मला कुठं सांगितलं?"

तिसरी दखनी बोलणारी होती. ती म्हणाली, "भैया, मेरे को उर्दू में लिखको दिये तो बी चलता." रांग हसली. चेकर आत रिकाम्या हाताने बसला होता. अक्का सहाव्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून अगदी शांतपणे विचारलं, उत्तराची वाट बघितली, फोनवर वेळ पाहिली आणि टोपली रिकामी करून निघाल्या. त्यांचा तास संपत आला होता. जाताना मला म्हणाल्या, "काय होतंय ते बघ. ओरडू नको."

अकरा वाजेपर्यंत मोजून नऊ जणींचा माल आत गेला होता. कारकुनाने दोनदा फोन लावला. दुपारी कारखान्याचा मॅनेजर स्कूटरवरून आला. त्याने आधी सगळ्यांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुमची मागणी काय? मी तोंड उघडायच्या आत रांगेतून आवाज आला, "मागणी नाही साहेब. प्रश्न आहे."

तो आत बसला. बराच वेळ फोनवर बोलला; इथला माल अडलाय, या सगळ्या तिकडं आल्या तर तिथलीही खिडकी अडेल, एवढं बाहेर ऐकू आलं. मग जुन्या कागदावर नवा चिकटला, सहीशिक्क्यानिशी. मी अक्कांना फोन लावला.

"काय झालं?"

"शाखा आठवड्यातून तीन दिवस उघडी राहणार. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कार्ड तेच. लिहून दिलंय."

"बाकीच्या दिवसांची गैरहजेरी?"

मला हे सुचलंच नव्हतं. शाखा बंद असलेल्या दिवशी माल देता येणार नाही, म्हणजे ते दिवस गैरहजेरीत धरले तर नाव पुन्हा धोक्यात. "माहीत नाही," मी म्हटलं.

"बरं. ठेव, तिला पाणी द्यायचंय."

त्या बुधवारी माझ्याकडे लोक विजयाची पोस्ट मागत होते. संघटनेतल्या एकाने तर मथळाही सुचवला, त्यात 'ऐतिहासिक' हा शब्द होता. मी काही टाकलं नाही. नव्या वेळापत्रकाचा पहिला आठवडा सुरू होऊ दिला. शुक्रवारी खिडकी उघडायच्या वेळेला गेले. कारकुनाने मला पाहून डोळे मिटले.

"आता काय ऱ्हायलं, ताई?"

"मंगळवार आणि गुरुवारची हजेरी कशी लावली?"

त्याने रजिस्टर फिरवून जाळीला टेकवलं. मी अक्कांची ओळ शोधली. सोमवारी हजर, बुधवारी हजर. मधल्या मंगळवारच्या आणि कालच्या गुरुवारच्या रकान्यात गैरहजेरीची फुली नव्हती, एक आडवी रेघ होती. प्रत्येकीच्या नावापुढे तशीच रेघ, पट्टी लावून वरपासून खालपर्यंत ओढलेली.

"रेघ म्हंजी शाखा बंद," तो म्हणाला. "हजेरी न्हाय, गैरहजेरी बी न्हाय. आता लिवा जावा."

मागून अक्का टोपली घेऊन येत होत्या. मी आधी त्यांना सांगितलं, आणि मग घरी जाऊन लिहिलं.